काळीज मोठं निघालं

चामटोलीच्या रखमाबाईनं सुनेला जन्मभर एकच टोमणा मारला, सशाचं काळीज. विठा होतीच तशी. कुणी डोळे वटारले की पदर सावरून आत पळायची. नवरा भगवान अंबरनाथच्या कंपनीत कामाला होता. त्यानं एचआयव्ही घरात आणला, तिला दिला आणि स्वतः मेला. आजार लेकाचा, पण बोट सुनेकडं. रखमाबाईनं तिचं जर्मनचं ताट वेगळं करून पडवीच्या कोनाड्यात ठेवलं. विठा हूं की चूं न करता त्यातच जेवली आणि रोजच्या गोळ्या गिळत राहिली. म्हातारी पाय मोडून पडली तेव्हा तिचं हगणंमुतणं विठानंच काढलं. त्या हातांचा विटाळ तेव्हा बरा झाला नाही!

यंदा विठाला धाप लागायला लागली. भाजीची पाटी डोक्यावर घेतली की चार पावलांत बसकण. पाय सुजले. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. गोळ्या देणाऱ्या केंद्रातले डॉक्टर म्हणाले, "हा आजार हृदयालाही धरतो. टू-डी इको करा आणि मला येऊन दाखवा."

"ते काय असतं गो?" रखमाबाईनं विचारलं.

"काळजाचा फोटू."

"मग ससाच दिसंल त्यात!"

विठा उल्हासनगरच्या कॅम्प दोनला जाऊन आली ती तोंडभर हसत. म्हातारीनं तिला लग्नातही एवढं हसताना बघितलं नव्हतं.

"आत्या, तिथल्या मशीनवाल्या पोरीनं डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गारगार चोपडलं. काळीज पडद्यावर! मासळीवानी तोंड उघडतंय नि मिटतंय. पोर बोल्ली, मावशी, तुमचं हृदय मोठं झालंय."

"मोठं?"

"मशीनच बोलते. आता म्हणा ससा!"

"अगो बाय, वाघीण झालीस की! पण डॉक्टरला दाखवायचं होतं ना?"

"चांगलंच निघालं, त्यात दाखवायचं काय?"

रखमाबाईला ते पटलं. खरं तर सोयीचंही होतं. मळ्यात भेंडी जून व्हायला लागली होती.

विठा पुन्हा पाटी घेऊन बदलापूरच्या बाजाराला जाऊ लागली. धाप लागली की स्वतःलाच दटावायची, मोठ्या काळजाची ना तू? आठवडाभरात रस्त्याच्या कडेलाच तिनं जीव सोडला. पाटी तेवढी नीट उतरवून ठेवली होती, एक भेंडी सांडली नव्हती.

फेरीला का आली नाही म्हणून केंद्रातली पायल घरी आली. ऐकून उंबऱ्यातच बसली. मग हळू म्हणाली, "आजी, हृदय मोठं होणं म्हणजे ते फुगून ढिलं पडणं. पंप पाणी ओढेनासा होतो ना, तसं. गोळ्या वाढवल्या असत्या, ओझं बंद केलं असतं, तर निभावलं असतं."

"घाबरट होती गो ती," म्हातारी म्हणाली. "साध्या कुत्र्याला भ्यायची. तशीच ऱ्हायली असती तर पळत गेली असती डॉक्टरकडं. मीच वाघीण केली तिला."

पायल गेल्यावर रखमाबाईनं कोनाड्यातलं जर्मनचं ताट काढलं. धुतलं नाही, पुसलं नाही, भाकर त्यातच घेतली. पहिला घास मोडला.

"सशे," ती ताटाला म्हणाली, "या खेपेलाही भ्यायचीस की गो."