साबणाचे जार

लोहारा गावातल्या औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. धूत होते, असं लिहायला पाहिजे. चौथी शिकलेल्या बाईला यापेक्षा बरं काम कुठं मिळणार? नळ, जार आणि मी. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नसे. मला तेच हवं होतं.

त्या जारमध्ये कोमट पाणी घेऊन, ते सारखं ढवळत ठेवून, गोळी किती विरघळते ते बघतात. मागच्या महिन्यात एक गोळी अशी आली की ती पाण्यात विरघळेचना. तपासणी करणाऱ्या मॅडमनी पाण्यात पांढरी भुकटी टाकली. फेस आला.

"हे काय जी?" एवढं मी कसंबसं विचारलं.

"साबणच समजा, मावशी. त्याच्याशिवाय हे औषध पाण्यात उतरत नाही."

संध्याकाळी ते जार माझ्याकडे आले. साबणाचंच भांडं, त्याला आणखी साबण कायले लावायचा? मी फेस जाईपर्यंत नुसत्या पाण्यानं खळखळून धुतले. काच लख्ख दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच जारांमध्ये तपासणी झाली, तर गोळीत असतं त्याहून जास्त औषध निघालं. भुकटी पाण्याबरोबर वाहून गेली आणि आदल्या दिवशीचं औषध काचेलाच चिकटून राहिलं, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी शोधून काढलं.

"मावशी, जार साबणानं घासले नाही का?"

मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. 'साबण तर तुमीच म्हनलं होतं' हे माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मी नुसती मान हलवली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"यांना पॅकिंगला पाठवा," साहेब म्हणाले.

जिन्यात मॅडमनी माझा हात धरला. "उपकार झाले, मावशी. तुम्ही माझं नाव घेतलं नाही. किती मोठं मन तुमचं!"

कशाचं मोठं मन? माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि ही त्याला चांगुलपणा म्हणते. तेही मला सांगता आलं नाही.

आता लांबलचक टेबलाला आम्ही बायका दाटीनं बसतो. सगळ्या एकदम बोलतात. शेजारची रोज विचारते, "काहून वं बाई, तोंडात गुळणी धरली का?" मी हसते. काल तीच गोळी आमच्या टेबलावर आली. खोक्यात भरता भरता मी मनात म्हणत होते, साबण तर तुमीच म्हनलं होतं. मनात किती सहज म्हणता येतं.