शोथहर लेप

लेपगोळ्यांच्या डबीवर ‘शोथहर’ असं छापलंय. सूज उतरवणारा. हा शब्द आता अशा डब्यांवरच उरलाय. सहाणेवर गोळी उगाळून मी कोमट लेप आईच्या घोट्याला लावला. तो वाळून तडकला तशी ती म्हणाली, “धू आता, वाळलेला लेप अंगावर ठेवू नये.”

धुतल्यावर पाय जरा बारीक वाटला. पण पुसताना माझा अंगठा टेकला तिथे खळगा पडला, आणि तो भरून येईना. लेप वरून ओढून घेतो. आत काय साचत चाललंय, ते त्याला कुठून कळणार?

“उतरली ना गं?” आईने विचारलं.

“उतरली,” म्हणत मी टॉवेल पायावर तसाच दाबून धरला. तो उचलून बघायचा धीर मला होईना.