पिठाची गोळी

पूर्णगडला मी दुसऱ्याच्या बोटीवर इंजिन सांभाळायचो. एका हंगामात बोटीवर जाणंच सोडलं. ताप नाही, दुखणं नाही, फक्त उठवेना. ताटातली सुरमई कापसासारखी लागायची. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नैराश्य म्हटलं आणि वर्षानुवर्षं गोळ्या बदलून पाहिल्या. बायको बाजारात मासळी विकायची, मी भिंतीकडे तोंड करून पडलेला.

शेवटी बाई म्हणाल्या, "फिटवर देतात ते एक जुनं औषध आहे. हट्टी नैराश्यावर ते चालतं का, ते तपासतायत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कोणाला कुठली, ते आत्ता मलाही कळणार नाही."

"द्या," मी म्हणालो. विष म्हणाल्या असत्या तरी तेच म्हणालो असतो.

घरी बायको भडकली. "तुम्हाला कुठं फिट येते? गावात म्हणतील, ह्याला फेफरं आहे. पोरीला सून कोण करून घेईल?" पण गोळ्या तिनेच तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि रोज समोर उभं राहून गिळायला लावल्या.

मी स्वतःला चाचपत राहिलो. आज चहाला चव आहे का? पोरगी हसली तेव्हा आत काही हललं का? नाही. मग एक वेडी आशा धरली: आपल्याला पिठाचीच मिळालीय, म्हणजे खरं औषध अजून शिल्लक आहे. गरगरलं की म्हणायचो, गोळीचं नाही, उपाशी पोटाचं आहे. माझी गोळी पिठाचीच निघू दे, असा देवाला नवससुद्धा बोललो.

तपासणी संपल्यावर बाईंनी आम्हा दोघांना बसवलं. "तुम्हाला खरीच गोळी होती," त्या हळूच म्हणाल्या. "काहींना उतार पडला. तुम्हाला नाही."

एसटी स्टँडवर मी बायकोला म्हणालो, "तू हो पुढं. मी येतो मागाहून."

ती माझ्याकडे बघत राहिली. गाडी लागली, भरली, गेली. ती बाकावर बसूनच होती.

"कुठं जाणार होतात?" तिने विचारलं.

मला खोटं सुचेना. जेटीकडे बोट दाखवलं. "परत यायचं नव्हतं," म्हणालो.

तिने माझं मनगट धरलं आणि भर बाजारातून ओढत परत दवाखान्यात नेलं. "बाई, आत्ता मला बोलले ते ह्यांच्याच तोंडून ऐका." मी सांगितलं. त्याच दुपारी मला दाखल करून घेतलं.

बरा झालो असं अजून म्हणवत नाही. बाईंनी दुसरा उपचार सुरू केलाय. बायको प्रत्येक खेपेला सोबत येते आणि रस्त्यात मनगट सोडत नाही.