काकांचं काम

आमच्या नाट्यमंडळाचा व्यवस्थापक मी आणि मुख्य नटही मीच. यंदाच्या नाटकातही मी तेच होतो: अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या नाटकगृहाचा मालक. त्यानं सकाळी नटांची भांडणं मिटवायची, दुपारी तालीम घ्यायची, संध्याकाळी रंग लावून राजा व्हायचं. तिथं रीत अशी, की एकदा दिलेली भूमिका त्या नटाचीच. म्हातारपणीही ती त्याच्याकडून काढायची नाही. आमच्या नाटकातला मालक ही रीत मोडतो.

ज्याच्याकडून भूमिका काढली जाते, त्या नटाचं काम आमच्या मंडळातले सगळ्यात जुने नट, काका, करत होते. रंगमंचावर उभं राहायला मला त्यांनीच शिकवलं. औरंगपुऱ्यातल्या दुकानावरच्या खोलीत तालमी चालायच्या आणि काका वाक्यं विसरायला लागले होते. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका नटाला मी त्यांचं काम गुपचूप पाठ करायला लावलं.

नाट्यस्पर्धेतल्या आमच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी काकांकडे गेलो.

"तब्येत बरी आहे ना, काका?"

"तब्येतीला काय झालंय? त्या शेंद्र्यावाल्याला सांग, माझं काम करताना इतकं वाकू नको. मी नाय तसा वाकत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"काढायचं असंल तर तोंडानं सांग की. नाटकात तर रोज सांगतोस."

"नाय काका. तुम्हीच करा."

प्रयोगात नेमक्या भूमिका काढून घेण्याच्या प्रवेशात काका वाक्य विसरून थांबले. विंगेतून दिलेलं वाक्य त्यांना ऐकू जाईना. शेवटी त्यांची वाक्यं मीच बोलू लागलो. "तुम्ही म्हणाल, ही भूमिका माझी आहे." काकांनी मान हलवली. "म्हणाल, अजून एकच खेळ द्या." पुन्हा मान हलली. मग माझं वाक्य आलं. ते टाळलं तर नाटक पुढं सरकत नव्हतं.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका."

टाळ्या पडल्या. रंगपटात काका तोंडाचा रंग पुसत होते.

"बोललास एकदाचा."

"काका, ते नाटकातलं होतं."

"व्हय, व्हय. लई चांगलं बोललास."

त्यानंतर पुढच्या प्रयोगांच्या तालमींना ते आले नाहीत; त्यांचं काम शेंद्र्यावाला करू लागला. मी फोन केला की शेंद्र्यावाल्याचं काम कसं चाललंय, एवढंच विचारतात. या म्हणावं, तर त्यांना द्यायला माझ्याकडे काम नाही. चांगलं चाललंय, असं सांगतो. आणि ते खरंच चांगलं चाललंय.