फाउस्तो मेंबरचं बोट

आमच्या बरांगायचा, म्हणजे वॉर्डाचा, मेंबर फाउस्तो दिमायुगा निवडून आला आणि त्याच्या हाताला एकच काम लागलं, बोट दाखवण्याचं. पोलीस कुणाला अमली पदार्थाच्या पुडीसकट पकडतात तेव्हा जप्तीला लोकांनी निवडलेला एक साक्षीदार लागतो. साक्षीदार पुडीकडे बोट दाखवतो, फोटो निघतो, कागदावर सही होते. कायद्याला वाटतं, मेंबरनं डोळ्यांनी पाहिलं. मेंबरनं पाहिलेली असते फक्त त्यानंतर पोलिसांकडून मिळणारी पानसित नूडल्सची बशी. अशी एकशे बारा बोटं फाउस्तोच्या नावावर होती, आणि हे तो बारशाला गेला तरी सांगायचा.

गेल्या वर्षी हवालदारांच्या छातीवर कॅमेरे आले. त्याच महिन्यात हवालदार बेनिग्नोनं त्याला भरदुपारी ट्रायसिकल रिक्षांच्या थांब्यावर बोलावलं.

"कॅमेरा चालू कर की रे," फाउस्तो म्हणाला.

"आधी काम उरकू दे, मेंबर. मग करतो."

"मग माझी सही पण मगच. नवीन शर्ट काय तुझ्यासाठी घातलाय?"

बेनिग्नोनं कपाळाला हात लावला आणि कॅमेरा चालू केला. मग त्यानंच रुफो नावाच्या रिक्षावाल्याच्या रिकाम्या ट्रायसिकलच्या सीटवर तीन पुड्या मांडल्या. "पुड्या जरा इकडे सरकव, माझा चेहरा येत नाही," मेंबर म्हणाला. मग रुफोला धरून आणलं.

पोलिसांचा माज असा, की ते चित्रण कुणी बघितलंसुद्धा नाही. पुरावा म्हणून स्वतःच कोर्टात दिलं. रुफोला जन्मठेप लागणार होती. त्याची बायको लुर्देस अकरा महिने तुरुंगात डबा पोचवत होती.

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. असला तमाशा मी सोडतो होय?

न्यायाधीशबाईंनी चित्रण मध्येच थांबवलं. "मेंबर, मागे खानावळीत पाठमोरा भात खातोय तो कोण?"

"रुफो, बाईसाहेब." फाउस्तो चटकन बोलला. ओळखल्याचा अभिमान!

"आणि पुड्या त्याच्या खिशातून निघाल्या, असं तुम्ही सही करून लिहून दिलंय?"

फाउस्तोनं बेनिग्नोकडे पाहिलं. बेनिग्नो छताकडे बघत होता.

"त्याला तर अजून धरलेलंही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत तरी काय?"

"मी... तिथे होतो, बाईसाहेब."

रुफो सुटला. बेनिग्नोचा पट्टा उतरला. ह्या मेंबरवर खोट्या साक्षीचा खटला भरायला सांगितलंय. तो खटला उभा राहीपर्यंत हा आणखी एकदा निवडून येईल, आमची वस्ती मी ओळखून आहे. लाज वाटून चार दिवस घरात बसेल म्हणावं, तर कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्यानं लुर्देसला गाठलं.

"वहिनी, तो कॅमेरा कुणी चालू करायला लावला? मी! मी हटून बसलो नसतो तर तुझा नवरा आज आत सडला असता. मत देताना आठवण ठेव."

ह्यातला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर माझं डोकं उठलं.

लुर्देसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दादा, जरा बाजूला होता का? ह्यांना पायऱ्या दिसत नाहीयेत," एवढंच म्हणाली, आणि नवऱ्याचा दंड धरून उतरू लागली.