डोळा वर असलेला बांबू

सिंदेवाहीच्या स्टेशनावर बाबा मला गाडीत बसवून द्यायला आले होते. खिडकीची सळई धरून म्हणाले, "झाडंच पाहाची हायेत त मंग एवढ्या दूर कायले चालली? इथी काय जंगल कमी हाय?" मी पिशवी बाकाखाली सरकवली. सावली या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या आमच्या गावात घर चालायचं तळ्यातल्या मासळीवर, आणि चिखल ही पायावरून धुऊन टाकायची गोष्ट होती.

आता हिमालयाच्या पायथ्याशी एका प्रयोगशाळेत मी तोच चिखल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसते. उंचावरच्या सरोवरांच्या तळाशी हजारो वर्षं परागकण साचत आलेत. थराथरातले कण मोजले की कळतं, ऊब वाढली तेव्हा भोजपत्राची झाडं डोंगर चढत गेली, गारठा आला तेव्हा खाली उतरली. आज जिथं नुसतं गवत आहे तिथं कधी काळी रान होतं! ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तोच थर पुन्हा मोजला. अख्खी जंगलं बिऱ्हाड हलवत होती आणि मी एक गाव सुटलं म्हणून रडत बसले होते.

हे फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपल्या तळ्यात नाई का असं?" मी म्हटलं, तळचा चिखल पाठवा. त्यांनी आतल्या गाठी फोडून हातभर बांबू पोकळ केला, तळ्याच्या कधीही न आटणाऱ्या डोहात ठोकला आणि चिखलासकट उपसला. दोन्ही तोंडं पळसाच्या पानांनी बांधून गावच्या एका माणसाबरोबर पाठवला. पण वरचं टोक कुठलं, याची खूणच नाही! जुनं-नवं कळणार नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. मी चिडूनच फोन लावला.

"बांबू उलटा गाडते का कोनी? पेरावरचा डोळा पाह्य बाई, तो वर पाहून राह्यला."

एवढं शिकून मासे धरणाऱ्याच्या पोरीला बांबूचा डोळा, पेरावरचा तो वर तोंड केलेला कोंब, दिसला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

बांबू चिरला. वरच्या थरात भाताचे परागकण खच्चून भरलेले. खाली जावं तसा भात विरळ होत गेला, आणि अगदी बुडाशी भात नव्हताच. होता तो मोहाच्या झाडाचा पराग. आमची भाताची बांधी नव्हती तेव्हा तिथं फुललेला मोह माझ्यासमोर होता. लगेच बाबांना फोन करून हे सांगितलं.

ते म्हणाले, "गेली ते बरं झालं, बेटा. नाई त आमाले हे कोनं सांगतलं असतं?"

त्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले.

गावात राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना एवढंच सांगते. त्या बांबूचं अर्धं फाळकं माझ्या टेबलाशी उभं असतं. झाडलोटीत कुणी ते उलटं ठेवलं, की मी हातातलं काम टाकून उठते आणि बाबांनी गाडला होता तसा डोळा वर करून ठेवते.