मानाचा चाकू

आमचे श्रीपतीदादा रत्नागिरीत चप्पल घ्यायला निघाले, की अख्खा बाजार पालथा घालून शेवटी जुनीच शिवून आणतात. माझे चुलतभाऊ, माझ्याहून बरेच मोठे. जन्म कचेरीत कागदांवर शिक्के मारण्यात गेला. मी अनिल, संगमेश्वरकडे गावात राहून आंब्याची कलमं बघतो. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगतो. दादांबद्दल गोड बोलायचं मी गेल्या शिमग्यापासून सोडून दिलंय.

त्याआधीच्या पावसात थोरले काका, म्हणजे दादांचे वडील, वारले आणि घराचा मान दादांकडे आला. आमच्या गावात होळीचं झाड तोडताना पहिला घाव आमच्या थोरल्या घराचा. बाकीचं गाव मग तुटून पडतं, पण पहिला घाव आमचा. त्याला अटी दोन. हत्यार रोज अंगावर वागवलेलं हवं, शिमग्यापुरतं आणलेलं चालत नाही. आणि ते स्वतःचं हवं. दुसऱ्याच्या हत्याराने घाव घातला, तर ज्याचं हत्यार त्याच्या घरी मान जातो, तो कायमचा. खालच्या वाडीतले लोक पिढ्यानपिढ्या टपून बसलेत, की थोरल्या घरचा एखादा शहाणा कधी ही चूक करतो.

काकांच्या कमरेला आकडी आणि आकडीला कोयती असायचीच. लग्नाच्या पंगतीतही असायची. पण दादा कमरेला कोयती लावून कचेरीत गेले असते, तर साहेबांनी आधी पोलीस बोलावले असते आणि मग चहा. म्हणून दादांनी गुरवाला विचारलं, की खिशातला मिटणारा चाकू चालेल का? गुरवाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पातं असलं म्हणजे झालं. लांबी देवाने कुठे मोजलीय?"

झालं. दादा चाकू निवडायला बसले.

माझ्याकडे कलम बांधायचा चाकू आहे. मिटतो, खिशात राहतो, शेतीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो मी दाखवला. दादांनी चष्मा वर केला. "याचं पोलाद कुठलं?"

"दादा, लोखंड आहे. कापतं."

"तसं नसतं रे अनिल," म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. त्यात एक दाढीवाला गोरा कागदाच्या पट्ट्या कापत होता. पट्ट्या कापून झाल्या की तो खूश, आमचे दादा त्याहून खूश. लाकडी मूठ घाम पिते म्हणे. हाडाची मूठ देवाच्या कामाला चालेल का, ही शंका. खटक्याचा चाकू बाजारातल्या दुकानदाराने काढून दाखवला, तर दादा घाबरून रस्त्यावर आले, "मी काय गुंड आहे?" उघडल्यावर आतली पट्टी आडवी येऊन पातं बोटावर मिटणार नाही, असाच हवा. मी कलमांवर फवारणी करत असायचो आणि यांचा फोन, "पात्याला पोट असलेलं बरं की सरळ?" एकदा मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

कुसुमवहिनी एका दुपारी वैतागल्या. "एका चाकूसाठी एवढं बघता. मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात."

"तेव्हा एवढी माहिती उपलब्ध नव्हती," दादा म्हणाले, आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. वहिनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दादांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी चाकू आला. खोटं कशाला बोलू, देखणा होता. बोटाएवढा, करड्या मुठीचा, मिटताना हलकासा टक् असा आवाज. दादांनी त्याला कातड्याचं पाकीट शिवून घेतलं आणि पट्ट्याला लावलं. अंघोळीपुरता काय तो दूर. अट पाळण्यात माणूस पक्का, नावं ठेवायला जागा नाही.

अडचण एवढीच, की त्या चाकूने ते काही कापू देईनात. लिंबू नको, आंबटाने डाग पडतो. मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या बांगड्याला तर लावायचाच नाही, खारं पाणी. पुठ्ठा नको, धार जाते. वहिनी म्हणाल्या, "मग कापायचं तरी काय?" दादा म्हणाले, "वेळ आली की." तोवर धार बघायला ते स्वतःच्या डाव्या हातावरचे केस काढायचे. शिमगा आला तेव्हा त्यांचा उजवा हात माणसाचा होता आणि डावा तुळतुळीत. शिवणयंत्राचं तेल घरात वहिनींच्या यंत्राला कमी आणि चाकूला जास्त लागत होतं.

शिमग्याला दादा गावी आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पट्ट्याला पाकीट. त्या वर्षीची होळी आंब्याची होती, ओढ्याकाठचं उंच रायवळ झाड. होळी तोडताना ती भुईला टेकू द्यायची नसते, म्हणून वरून दोर बांधून चहूबाजूंनी माणसं ताणून धरतात. पलीकडचा एक दोर माझ्या हातात होता. ढोल चालू होते. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, थोरल्या घराचं नाव घेतलं आणि दादा पुढे झाले.

त्यांनी चाकू काढला, उघडला. खालच्या वाडीत हशा पिकला, पण गुरवाने हात वर केल्यावर थांबला. सगळं नीट चाललं होतं. एक चीर पाडायची, एवढंच तर काम.

दोर बांधताना कुणीतरी खालची फांदी छाटली होती आणि तिथून चीक ओघळत बुंध्यावर आला होता. दादा त्या चिकाकडे बघत राहिले. आंब्याचा चीक चांगल्या पोलादाला काय करतो, हे त्या दाढीवाल्याला ठाऊक नसेल, पण आमच्या दादांना नको तेवढं ठाऊक होतं. त्यांनी पात्याकडे बघितलं, परत चिकाकडे बघितलं. दादांनी चाकू मिटला, हळूच पाकिटात ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या खालच्या वाडीच्या रावजीपुढे हात केला. कचेरीत शेजारच्याचं पेन मागावं तसा.

"रावजी, जरा तुझी कोयती दे रे."

मी ओरडलो. बोंबललो म्हणा. ढोलात कोण ऐकतो? आणि हातातला दोर होळी तुटेपर्यंत सोडायचा नसतो. रावजी बिचारा भोळा माणूस, कुणी कोयती मागितली की द्यायची सवय. त्याने दिली. दादांनी घाव घातला, चांगला खोल घातला, आणि हसून चारी बाजूंना बघितलं.

ढोल बंद झाले.

दादांचं हसू थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं. मग त्यांनी हातातल्या कोयतीकडे बघितलं. गुरवाने मान खाली घालून मानाचा नारळ रावजीच्या ओंजळीत ठेवला. रावजी म्हणाला, "मी नाय हो मागितला," आणि त्याचे डोळे भरले होते. खालच्या वाडीने मात्र असा काय जल्लोष केला, की कान किटले.

होळी तुटली, खांद्यावर चढली, गाव नाचत सहाणेकडे, पालखीच्या चौथऱ्याकडे गेलं. दादा कुठे दिसेनात. मी त्यांना शोधत ओढ्यावर परत गेलो. मनात शिव्या तयार होत्या, एकेक निवडून ठेवलेली. आजोबा-पणजोबांपासूनचा मान, माझाही होताच की तो. रडूही येत होतं.

दादा उरलेल्या बुंध्यापाशी उकिडवे बसले होते. पांढऱ्या शर्टाची बाही चिकाने काळी पडली होती. चाकू उघडा होता आणि ते बुंध्यावर घाव घालत होते, एकामागून एक, लहान पोरासारखे दात आवळून. बऱ्याच चिरा पडल्या होत्या. मला बघून थांबले. पातं शर्टाला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"बघ अनिल," म्हणाले. "काहीसुद्धा झालं नाही रे याला."